अंड्याची वर्गणी

रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. उघडतो तर पावतीपुस्तक. त्याच्यामागे माणूसही होता, पण आमच्या गावात आधी पावतीपुस्तक दिसतं, मग माणूस. गणपती होऊन गेले होते, नवरात्र सरलं होतं, दत्तजयंतीला अवकाश होता. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची यादी चाळली. वर्गणी मागायला मोकळा असा एकही देव सापडेना.

“कोणतं मंडळ?”

“मंडळ नाही हो, शाळा,” पावतीपुस्तकामागचे हेडमास्तर म्हणाले. “अंड्यासाठी आलोय.”

देवळाच्या कळसाला मी वर्गणी दिली आहे. कुस्त्यांच्या फडाला दिली आहे. ज्याच्या आवाजानं माझ्याच खिडकीची काच तडकली, त्या डीजेलाही दिली आहे. अंड्याला वर्गणी मात्र आयुष्यात पहिल्यांदाच. मी सरांना आत बसवलं आणि चहा टाकायला सांगितला.

सरांचं गणित पक्कं. “पटावर बासष्ट पोरं. आठवड्याला एक अंडं. दुकानात अंडं सात रुपयांना. म्हणजे आठवड्याचे ४३४. असे २३ आठवडे, म्हणजे ९,९८२. वरचे अठरा रुपये फोडणीला धरा. दहा हजार.”

“आणि सरकार?”

सरांनी छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता.

*

सरकारचंही गणित पक्कंच होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनानं निर्णय काढला की शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस, बुधवारी किंवा शुक्रवारी, अंडं द्यायचं. असे २३ आठवडे. जो अंडं खात नाही त्याला केळं. अंड्यामागे पाच रुपये. पाच गुणिले तेवीस, म्हणजे एका लेकराचं वर्षाचं अंडं ११५ रुपयांत. मल्टिप्लेक्समध्ये एवढ्यात मक्याच्या लाह्याही येत नाहीत. सर सांगतात, अंड्याच्या दिवशी हजेरीपट भरलेला असायचा. ज्यांना पाढे येत नाहीत, त्यांनाही बुधवार बरोबर यायचा.

जानेवारी २०२५ मध्ये दुसरा निर्णय आला. नीट वाचा हं, अंडं बंद केलं असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. अंडा पुलाव करा, खीर करा, नाचणीसत्त्व द्या, शासनाची काही हरकत नाही. फक्त त्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीनं ‘लोकसहभागातून’ भागवावं.

लोकसहभाग! हा शब्द ज्यानं शोधला त्याच्या तोंडात साखर पडो. तीही लोकसहभागातूनच आणावी लागेल, कारण खिरीच्या साखरेलाही निधी नाही.

शासनाच्या शब्दकोशात ‘कपात’ हा शब्द सापडत नाही, तो असा. योजना कधी बंद होत नाही, तिला ‘तरतूद उपलब्ध होत नाही’. कुणाचं नाव कापलं जात नाही, ‘अपात्र शिधापत्रिका शोध मोहीम’ होते. धान्य थांबत नाही, ‘थेट लाभ हस्तांतरण’ होतं. बिल नाकारलं जात नाही, ते ‘प्रक्रियेत’ असतं. ‘नाही’ म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. सगळे ‘उद्या या’ म्हणणारे. ताकाला जाऊन भांडं लपवणारे आपण ऐकून होतो. ताक आटवून भांडं मिरवणारे आता बघतोय.

मिरवायचं भांडंही साधं नाही, त्यावर फोटो असतो.

*

‘आनंदाचा शिधा’ आठवतो का? २०२२ च्या दिवाळीत आला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर एकेक किलो, वर लिटरभर पामतेल. पुढे पाडव्याला आला, गणपतीला आला. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा मैदा आणि पोहेही घेऊन आला. काही ठिकाणी सण आधी आणि शिधा मागून, असंही झालं. वरातीमागून घोडं, पण घोडं यायचं तरी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्यानंतर आनंद राहिला, शिधा गेला. २०२५ चे गणपती कोरडे गेले, दिवाळीही कोरडी गेली. अन्न व नागरी पुरवठामंत्री छगन भुजबळ यांनी हातचं न राखता सांगितलं की तिजोरीवर लाडक्या बहिणीचा भार आहे. एवढं सरळ बोलणारा मंत्री विरळाच. बाकीचे ‘तपासून पाहू’ म्हणतात.

‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांच्या खात्यावर येणाऱ्या महिना दीड हजार रुपयांना मी नावं ठेवत नाही. जिच्या हाती आयुष्यात स्वतःच्या नावाचा पैसा आला नव्हता, तिला त्याची किंमत विचारा. ऑगस्ट २०२४ पासून ते खात्यावर पडताहेत, तिनं त्यातून गॅस भरला, पोरीच्या वह्या आणल्या. (चौदा हजारांवर पुरुषही लाडक्या बहिणी निघाले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. कदाचित वेगळ्या मासिकाचा.) माझा प्रश्न एवढाच आहे की ओवाळणी भावानं स्वतःच्या खिशातून घालायची असते की बहिणीच्या डब्यातून? इकडं तबकात दीड हजार टाकायचे, तिकडं तिच्या फडताळातलं तेल उचलायचं आणि तिच्या पोराच्या ताटातलं अंडं. वर म्हणायचं, पाया पड.

*

ताटांचं राजकारण आपल्याला नवं नाही. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर आली. सरकार गेलं, झुणका करपला. मोक्याच्या चौकातले स्टॉल मात्र पुष्कळ ठिकाणी टिकले आणि त्यांतून झुणका सोडून बाकी सगळं विकलं गेलं. २६ जानेवारी २०२० ला दुसऱ्या सरकारनं दहा रुपयांची शिवभोजन थाळी आणली. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण, मूदभर भात. शहरात थाळीचा हिशेब पन्नास रुपयांचा, खेड्यात पस्तीसचा. जेवणाऱ्यानं दहा द्यायचे, उरलेले सरकारनं.

जेवणारा दहा रुपये रोख मोजतो. सरकारचे शहरात चाळीस, खेड्यात पंचवीस उधार.

केंद्र चालवणारे कोण? कुठं बचत गटाच्या बायका, कुठं छोटी खानावळवाली. २०२५ मध्ये ठिकठिकाणचे केंद्रचालक थकलेल्या बिलांसाठी हेलपाटे घालत होते. योजना बंद नाहीच मुळी. फक्त किराणावाला डाळ द्यायचा बंद झाला, गॅसवाल्यानं सिलिंडर द्यायचा बंद केला आणि बचत गटातल्या बायकांनी एकमेकींशी बोलणं बंद केलं, कारण पहिल्या उधारीला जामीन कोण राहिली होती, यावरून भांडण लागलं. सरकारी थाळी अशी गोरगरिबांच्या उधारीवर शिजते आणि फलकावर मात्र सरकार वाढताना दिसतं.

*

आता रेशन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रास्त भाव दुकान आहे. जानेवारी २०२३ पासून तिथले गहू-तांदूळ फुकट झाले, ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. फुकट गोष्टीची एकच अडचण असते. ती घ्यायला आधी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं.

गेल्या महिन्यात मी दुकानात उभा होतो. पुढं एक आजी. त्यांनी पॉस मशीनवर अंगठा ठेवला. मशीननं नाकारला. दुकानदारानं फडक्यानं अंगठा पुसला. नाकारला. आजींनी पदरानं पुसला, फुंकर मारली, ठेवला. नाकारला. मग तर्जनी झाली, मधलं बोट झालं, डाव्या हाताची फेरी झाली. आजींनी हयातभर विड्या वळल्या. बोटांवरच्या रेघा केव्हाच तंबाखूबरोबर गेल्या.

“आजी, अंगठा मिळत नाही,” दुकानदार म्हणाला.

“हितंच हाय की माझ्यापाशी,” आजी म्हणाल्या आणि त्यांनी तो त्याला दाखवला.

अंगठा दाखवणे हा वाक्प्रचार आपण इतकी वर्षं नकारासाठी वापरत आलो. आता अंगठा आपण दाखवायचा आणि नकार यंत्रानं द्यायचा. गंमत बघा, याच आजींच्या बापाचा अंगठा सावकाराच्या कागदावर एका दमात उमटला होता. ‘निशाणी डावा अंगठा’ लिहिलं की रान गेलं. तेव्हा कधी सर्व्हर डाउन झाला नाही.

ई-केवायसी करा, नाहीतर नाव जाईल, असा सांगावा पूर्ण २०२५ भर फिरत होता. मुदत संपायची, वाढायची, पुन्हा संपायची. आजींचा मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, नातवंडं त्यांच्याबरोबर फडात. घरात अंगठे एकूण दोन, दोन्ही आजींचे, दोन्ही गुळगुळीत. चेहरा दाखवून केवायसी करायचं ॲपही आलंय. पण ते ज्या फोनवर चालतं तो फोन रेशनवर मिळत नाही.

शेवटी दुकानदारानं काय केलं? मशीन पावती देईना, पावतीशिवाय धान्य हलवता येईना. त्यानं शेजारच्या आपल्या भावाच्या किराणा दुकानातून पाच किलो तांदूळ मोजला आणि वहीत लिहिला. आजींनी त्यांच्या हक्काचं फुकट धान्य त्या महिन्यात उधार नेलं.

*

मशीन चालली तरी पुढं ‘इष्टांक’ आहे. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल तर तुम्ही सुखी आहात. पुरवठा शाखेच्या खिडकीत जा. “सुनेचं नाव लावायचंय, नातवाचं लावायचंय.” आतून उत्तर येतं, “इष्टांक शिल्लक नाही.”

याचा अर्थ असा. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा म्हणतो, खेड्यातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य द्या, माणशी महिना पाच किलो. अंत्योदयवाल्यांना घरटी ३५ किलो. महाराष्ट्राच्या वाट्याला आली सात कोटी माणसं. ही मोजली कशावरून? २०११ च्या जनगणनेवरून. पुढची जनगणना २०२७ मध्ये. २०११ च्या जनगणनेनंतर जन्मलेल्या पोराला आता मिसरूड फुटायला आलं, भाकरी तो बापाच्या बरोबरीनं खातो, पण इष्टांकाच्या लेखी त्याचा जन्मच झालेला नाही. नवं नाव आत घ्यायचं तर कुणाचं तरी जुनं बाहेर पडायला हवं. खिडकीतला बाबू सज्जन होता. त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, “गावात कुणी वारलं की लगेच अर्ज करा.”

म्हणजे अन्नाच्या हक्कासाठी आधी तेराव्याचं जेवण.

बरं, गरीब कोण? कायदा लागू करताना राज्यानं ठरवलं की खेड्यात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ४४,००० रुपयांच्या आत असेल तर गरीब, शहरात ५९,००० च्या आत. आता हिशेब माझा, चूक भूल द्यावी घ्यावी. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. नवरा-बायको दोघांनी सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दरानं, वर्षात फक्त ७१ दिवस खडी फोडली, तर घरात येतात ४४,३०४. अभिनंदन! तुम्ही गरिबीतून वर आलात. उरलेले २९४ दिवस श्रीमंतीत काढा.

दुसरा हिशेब. घरात एक लग्न झालेली लाडकी आणि एक बिनलग्नाची लाडकी. दोघींचे मिळून वर्षाचे ३६,०००. वर आठ हजारांची मजुरी झाली की घर काठावर. एका खात्याला हे घर अडीच लाखांपर्यंत गरीब वाटतं, दुसऱ्याला ४४ हजारांवर श्रीमंत. दोन्ही खाती मंत्रालयातच बसतात. मधल्या जिन्यात कुणीतरी हरवत असावं.

*

मराठवाड्यातल्या आणि अमरावती विभागातल्या सगळ्या जिल्ह्यांत आणि वर्ध्यात, म्हणजे एकूण १४ जिल्ह्यांत, केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा. हे जिल्हे कशासाठी निवडले होते ते सांगायला नको. शेतकऱ्याच्या घरी धान्य कशाला, असं शहरातले लोक विचारतात. अहो, तो कापूस पिकवतो, सोयाबीन पिकवतो. कापसाच्या वाती होतात, भाकरी होत नाही. धान्य तो तुमच्यासारखंच विकत आणतो.

जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात, पुढं १७० केले. पाच किलोंचे १७०, म्हणजे किलोला ३४ रुपये. या भावात बाजारात गहू शोधा, तांदूळ शोधा, आणि सापडला तर त्यातले खडे निवडा. त्यातही पैसे कधी पडतील ते कुठल्याच पंचांगात नाही. पडले की नाही हे बघायला तालुक्याला बँकेत जायचं. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, ही सोय. दिवसाची मजुरी मात्र पूर्ण बुडते, ही गैरसोय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. फक्त इथं मसाला कोंबडीच्या मालकिणीनं आणायचा आहे.

शिवाय पोत्यातलं धान्य आणि खात्यातला पैसा यांत एक फरक असतो. पोतं घरात आलं की ते शिजतंच. पैसा बँकेत आला की त्याला वाटेत मागच्या महिन्याचं औषध भेटतं, बी-बियाण्याची उधारी भेटते, कधी घरधन्याची तहान भेटते. घरी पोचेपर्यंत १७० मधले किती उरतात, हे त्या बाईलाच विचारा.

*

औषधावरून आठवलं. गेल्या पावसाळ्यात ताप उतरेना म्हणून मी एका सरकारी दवाखान्यात गेलो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर फुकट आहे, तपासणी फुकट आहे. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. त्यांच्याविषयी तक्रार नाही, बाहेर दीडशे माणसं उभी असताना त्या माझी जीभ बघत होत्या. त्यांनी चार औषधं लिहिली. खिडकीवर दोन मिळाली. उरलेल्या दोहोंभोवती कंपाउंडरनं निळ्या पेनानं गोल केला आणि म्हणाला, “बाहेरून घ्या.”

बाहेर, फाटकाला लागूनच मेडिकल. तिथं माझ्यापुढं एक मेंढपाळ उभा होता. त्याच्या चिठ्ठीवरही निळे गोल, चार. दुकानदारानं रक्कम सांगितली. मेंढपाळानं मुंडाशातून पैसे काढले, मोजले, पुन्हा मोजले. मग चिठ्ठी काउंटरवर पसरली आणि अगदी शांतपणे विचारलं, “यातलं कोणतं नाय घेतलं तर चालंल?”

मेडिकलवाल्यानं एका औषधावर बोट ठेवलं. ते औषध राहिलं.

अर्थसंकल्पात शोधून सापडत नाही ती कपात मी अशी डोळ्यांनी पाहिली. ती मंत्रालयात झाली नाही. विधानसभेत तिच्यावर मतदान झालं नाही. ती फाटकाबाहेर झाली, आणि रोग्यानं स्वतःच्या हातानं केली. सरकारचे हात स्वच्छ.

“तुमच्याकडं पाच लाखांचं कार्ड आहे की,” कुणी म्हणेल. आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली जीवनदायी योजना पुढं महात्मा फुल्यांच्या नावानं झाली, दीड लाखाचं कवच पाच लाखांचं झालं, पिवळ्या-केशरी कार्डांबरोबर पांढऱ्या कार्डालाही दार उघडलं. यादीतले उपचार १,३५६ होते, ते वाढवून २,३९९ करायचं ठरलं. यादी वाढली, कार्डं वाढली. वाढले नाहीत ते खाजगी रुग्णालयांना वेळेवर मिळणारे पैसे. मग काउंटरवर आरोग्यमित्र हसून सांगतो, “हे पॅकेजमध्ये बसत नाही.” किंवा, “योजनेचा बेड शिल्लक नाही.” कॅश भरणाऱ्याला त्याच मजल्यावर खिडकीशेजारचा मिळतो. पुन्हा तेच, ‘नाही’ कुणी म्हणालं नाही. कवच पाच लाखांचंच आहे, फक्त ते चढवायला अंग रुग्णालयाच्या आत न्यावं लागतं.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना सांगितलं होतं की २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पातले आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्चा. महाराष्ट्र त्याच्या आसपासही फिरकला नाही. तिथंही बहुधा अंगठा जुळला नसावा.

*

हे फक्त आपल्याकडंच, असं समजून कुणी दुःखी होऊ नये. तिकडं अमेरिकेत ४ जुलै २०२५ ला ट्रम्पसाहेबांनी एका कायद्यावर सही केली. त्याचं नावच ‘एक मोठं सुंदर विधेयक’. आपल्या ‘आनंदाच्या शिध्या’चा हा चुलतभाऊ. गरिबांच्या फूड स्टॅम्पसाठी धडधाकट माणसानं महिन्याला ८० तास काम केल्याचा कागद दाखवायचा, ही अट आधी ५४ वर्षांपर्यंत होती, ती ६४ पर्यंत नेली. तिकडचे पुढारीही ‘कपात’ म्हणत नाहीत, ‘गैरप्रकार रोखले’ म्हणतात. ही विद्या जुनीच आहे. माणसं कमी करायची नसतात, कागद वाढवायचे असतात. माणसं आपोआप कमी होतात.

आणि पैसे खरंच नाहीत का? नाहीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची आणि कर्जाचा डोंगर नऊ लाख कोटींच्या वर. तूट दिसली की काटकसर सुचतेच. फक्त ती कुठून सुचते ते बघण्यासारखं असतं. अंड्यांचा वर्षाचा खर्च वर्तमानपत्रांत छापून आला तो सुमारे ५० कोटींचा. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं शक्तिपीठ महामार्गाच्या पहिल्या पावलासाठी २०,७८७ कोटी मंजूर केले. ज्यांच्या जमिनीतून तो जायचा त्यांतले पुष्कळ शेतकरी ‘नको, नको’ म्हणत होते, तरी केले. भागाकार करा, ४१५ वर्षांची अंडी होतात. ४१५ वर्षं मागं मोजत गेलात तर शिवरायांचा जन्मही झालेला नसेल. मागणाऱ्याला अंडं नाही आणि नको म्हणणाऱ्याला ८०२ किलोमीटरचा रस्ता.

रस्ता लोकसहभागातून करा, असं कुणी म्हटलेलं ऐकिवात नाही.

*

सरांचा चहा गार झाला होता. ते ‘मावशीं’विषयी सांगत होते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी, महिना २,५०० रुपये मानधन. गेल्या बुधवारी त्या स्वतःच्या कोंबड्यांची सहा अंडी पदराखाली घेऊन आल्या. बासष्ट पोरं, सहा अंडी. मावशींनी ती फोडून मोठ्या पातेल्यातल्या पुलावात कालवली. एका पोरानं ताटात शोधून शोधून पिवळा तुकडा काढला आणि शेजारच्याला दाखवला, “मला लागलं!” लॉटरी लागल्यासारखं.

“रेकॉर्डला काय लिहिलंत?” मी विचारलं.

“अंडा पुलाव,” सर म्हणाले. “खोटं नाही ना?”

खोटं कसं असेल? रेकॉर्डला रेशन फुकट आहे, केसपेपर फुकट आहे, कवच पाच लाखांचं आहे आणि पुलाव अंड्याचा आहे. उरलेलं सगळं गावात वाटून घेतलेलं आहे. पाच किलो किराणावाल्याच्या वहीत, थाळीमागे पंचवीस रुपये बचत गटाच्या डोक्यावर, एक औषध मेंढपाळाच्या अंगावर, सहा अंडी मावशींच्या खुराड्यातून. वरून खाली येईपर्यंत सरकारी खर्चाची अशी वर्गणी होते. फरक एवढाच की गणपतीच्या वर्गणीची पावती तरी मिळते.

मी एका आठवड्याचे ४३४ रुपये काढून दिले. सरांनी पेनचं टोपण काढलं.

“कुणाच्या नावानं फाडू?”

“महाराष्ट्र शासन,” मी म्हणालो. “येणं बाकी होतं त्यातलं जमा धरा.”

सर खळखळून हसले. मग एकदम गप्प झाले, दाराकडं बघितलं. नोकरी आहे, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, मुलीचं लग्न व्हायचंय. त्यांनी सुवाच्य अक्षरात ‘एक हितचिंतक’ असं लिहिलं, रक्कम अक्षरी लिहिली, ‘कशाबद्दल’ या रकान्यात ‘लोकसहभाग’ लिहिलं आणि पावती फाडून माझ्या हातात दिली. पुढच्या घराची कडी वाजवायला ते उठले, तेव्हा दारातून मागं वळून म्हणाले, “बुधवारी या शाळेत. अंडं आहे.”